टकेट बंधूंचं जेट

छे, गाडी बिघडलेली नाही, तिचं पोट बिघडलंय — हात लावू नकोस तिथे, पोळशील. दारात आलास तेव्हाच वासावरून कळलं मला. अजीर्ण. ट्रकला पाटी कुठली, आयोवाची? वाटलंच. तुमच्याकडे उंच म्हणजे काय, तर धान्याचं कोठार. त्या मक्याच्या सपाटीवर लावलेलं कार्ब्युरेटर घेऊन तू दहा हजार फुटांवर येणार, आणि वर मलाच विचारणार की बर्फावरची ही माझी स्नोमोबाईल का खोकते? अरे, इथे हवा विरळ आहे. पेट्रोल येतंय खालच्याइतकंच आणि हवा पुरत नाही, मग ते जळणार कसं? आत पितळेचं एक जेट असतं, एवढंसं, त्याच्या भोकातून पेट्रोल येतं — इथे ते भोक बारीक लागतं. झालं, एवढंच शास्त्र. पण एवढंही तुमच्या मेकॅनिकला ठाऊक नसावं — कोण आहे तो? ओळखीतला एक म्हातारा, म्हणतोस. हं. प्रत्येकाच्या ओळखीत असा एक असतोच.

बस. त्या स्टुलावर नको, इकडे खोक्यावर बस. स्टूल कुणाचं नाही, रिकामंच असतं — माझा भाऊ बसायचा, लॉयड. तोही तुमच्या आयोवातच गेला, गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो म्हणे. बाप गेला आणि हा म्हणाला, दुकान हॉटेलवाल्यांना विकून टाकू. मी म्हटलं, आधी मला विक. तेव्हापासून तो बोलत नाही आणि मी तर नाहीच नाही. बाहेर अजून ‘टकेट बंधू’ लिहिलंय ते सोड, शिडीवर चढायला सवड कुणाला आहे? आणि कारागीर म्हणशील तर लॉयड सुमारच. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं, डाव्या — दाढी ठेवलीय — बायको गेल्यापासून स्वतःच रांधतो आणि करपवतो. मला कसं कळतं? मी नाही विचारत कुणाला. पोस्टातली बर्नीस त्याच्या पोरीशी फोनवर बोलते आणि मी नेमका तिथे असतो, आता कान काय घरी ठेवून जाऊ?

तो पाना दे. हा नाही, बारका. शनिवारी खिंडीपर्यंत जुन्या गाड्यांची फेरी, तिच्यासाठीच आलास ना? येतात, सगळे सपाटीवाले येतात, आणि पहिल्याच चढाला बर्फात बसून नशिबाला बोल लावतात. आता कार्ब्युरेटरची ही वाटी उघडतो, बघ, आतून तुमच्या आयोवाचं भगदाड निघतं की नाही ते —

थांब. दिवा जरा खाली घे.

हे बारीक आहे. म्हणजे इथे लागतं तेवढंच आहे. आणि कडेला ही खाच — बाप आमचा जेटवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही, भोकं झिजतात म्हणायचा. या गावाला जमलेल्या जेटवर कानशीने एक खाच मारून ठेवायचा, आणि ती कुठे मारायची ते आम्हा दोघांनाच दाखवलेलं. ही जुनी नाही, पितळ अजून चकाकतंय. म्हणजे आत्ता आत्ता कुणीतरी बसून, हा डोंगर डोक्यात ठेवून, ही मारलीय.

मग ही खोकते कशाने? थांब, बघू दे. चोक. चोक अर्धा ओढलेला आहे, म्हणजे हवेची वाट अर्धी बंद. ट्रकवरून उतरवलीस तेव्हापासून असाच? घरी थंडीत असंच चालवता तुम्ही — शाबास. हवा आधीच तोकडी, त्यात तू तिचं नाक दाबून आणलीस, आणि मी इतका वेळ त्या म्हाताऱ्याच्या नावाने खडे फोडतोय. कार्ब्युरेटर त्याने चोख लावलंय. माझ्या हातून याहून बरं झालं नसतं, आणि हे गावात कुणापाशी बोललास तर याद राख.

तू कोण आहेस? खरं सांग. लॉयडच्या पोरीचा नवरा. म्हणजे आमचा जावई, आणि मी तुला खोक्यावर बसवलं — बरंच केलं, चोक ओढून हिंडणाऱ्याला तेवढं पुरे. तर ही गाडी दुरुस्तीला आलीच नव्हती, मला दाखवायला आली होती. आणि त्याला स्वतः यायला काय झालं? लाज वाटली? मला काय, मी तर रोजच — जाऊ दे.

काय म्हणालास? कुठे आहे?

ट्रकमध्ये. काचांवर एवढी वाफ, मला काय दिसणार. आणि तुझ्या धुरापायी मी हे दार सताड उघडं ठेवलंय, म्हणजे सगळं ऐकलं त्याने, सुमार म्हटलं तेसुद्धा. ऐकू दे. ऊठ, त्याला आत पाठव, पायरीवर बर्फ आहे म्हणावं, हात धरून आण. आणि मग तू जा, जावईबापू, ट्रकमध्ये जाऊन बस — आमचं भांडण अर्ध्यावर राहिलंय.