उघडा पत्रा

वहिनी : वन्सं, बोनेटवर पाणी कोणी ओतलं?

वन्सं : ओतलं काय म्हणतेस? धुतलं. चांगलं साबण लावून. किती ती रंगाची भुकटी, किती तो चिकटा! तू अंघोळीला गेलीस, म्हटलं तेवढंच एक काम हातावेगळं करावं.

वहिनी : आणि पुसलंत?

वन्सं : वाळेल की उन्हात. भांडी नाही का पालथी घालत?

वहिनी : अहो, हे भांडं नाही, उघडा पत्रा आहे. जरा हात फिरवा त्याच्यावरून.

वन्सं : अगंबाई! हे केशरी काय लागलं?

वहिनी : गंज. मान मोडून खरवडून काढला होता, तो आला परत.

वन्सं : एवढ्यात? माझा चहा पिऊन होईपर्यंत?

वहिनी : रंग होता तोवर त्याच्या अंगावर कपडे होते. आता पाणी दिसलं की गंजलाच.

वन्सं : मग मला आधी सांगायचं नाही?

वहिनी : चुकलंच माझं. आल्या आल्या आमच्या नळाची तोटी घासायला घेणारी बाई, तिला बोनेटजवळ एकटी सोडली.

वन्सं : टोमणे नंतर मार. पेंटर दुपारी येणार ना?

वहिनी : येणार. दरवाज्यांना, मडगार्डांना प्रायमर मारून झालाय त्याचा, हे बोनेट तेवढं राहिलंय. आणि त्याने बजावलंय, हाताला गंज लागला तर स्प्रेगन पिशवीतून काढणार नाही. मग गाडी अर्धवट बघून उद्या भावजी भंगारवाल्याला बोलावणार. त्यांना शेड मोकळी हवीय.

वन्सं : माझा भाऊ आहे तो. मी फोन करते. रडले की ऐकतो माझं.

वहिनी : रडू नका. पाणी पुरे झालं आता.

वन्सं : मग करू काय?

वहिनी : हा पॉलिश पेपर. हे हातमोजे. तुम्ही त्या कडेपासून या, मी इकडून येते. घासून झालं की थिनरचं फडकं मारायचं. पाण्याचं नाव काढायचं नाही.

वन्सं : आणि घाम गळला तर?

वहिनी : कपाळ आधी पुसा.

वन्सं : दादा तर जाईपर्यंत म्हणायचा, गंज वरवरचा आहे.

वहिनी : दर खेपेला म्हणायचे, आणि वरून नवा रंग मारायचे. पांढऱ्याखाली मरून रंग निघाला, त्याच्याखाली निळा. आणि सगळ्यांच्या खाली गंज, मजेत.

वन्सं : निळा! तू लग्न होऊन आलीस तेव्हा निळीच होती. मागच्या सीटवर तू न् मी, मांडीवर ती तुझी ट्रंक.

वहिनी : ट्रंक उतरली. मी मागच्याच सीटवर राहिले. स्टेअरिंगला हात लावला की म्हणायचे, 'तिला माझ्याच हाताची सवय आहे.'

वन्सं : गाडीला?

वहिनी : गाडीलाच हो! आता लायसन काढलंय मी. लावेन तिला माझ्या हाताची सवय. तोंड चाललं तरी चालेल वन्सं, हात थांबवू नका.

(दुपार. पेंटर बोनेटवरून हात फिरवतो आणि तळवा उजेडात धरून बघतो.)

पेंटर : ताई, या अर्ध्या भागावर दुसऱ्या कुणाचा हात लागलाय.

वहिनी : का? राहिलंय काही?

पेंटर : राहिलं नाही. जोर जरा जास्त आहे.

वन्सं : तो हात माझा. करपलेल्या कढयांवर तयार झालाय.

पेंटर : तळवा स्वच्छ आहे. मारतो प्रायमर. वरचा रंग कुठला, पांढराच?

वहिनी : निळा. हा बघा, दरवाज्याच्या आतल्या बाजूला थोडा ठेवलाय, न खरवडता. अगदी असा.

पेंटर : मिळवून देतो. ड्रायव्हर ठेवणार का?

वहिनी : मीच चालवणार.

वन्सं : आणि मी पुढे बसणार, हिच्या शेजारी. फडकं घेऊन.

वहिनी : वन्सं...

वन्सं : कोरडं गं.