हळदुलीचं दुखणं

मायबाप हो, आज प्रश्न मी विचारणार, उत्तर तुम्ही मनातल्या मनात द्यायचं. ज्याच्यावर आपली माया, त्याच्या दुखण्यात आपण हात किती चालवायचा? आणि थांबवायचा कधी? — सोपं वाटलं ना? मागची मंडळी तर माना डोलवायला लागली! थांबा, आधी गोष्ट होऊ द्या.

वेंगुर्ल्यात भालचंद्र केळुसकर नावाचे गृहस्थ. सगळे त्यांना भालूकाका म्हणत. उभा जन्म जहाजावर इंजिनियर. यंत्र बंद पडलं — उघडायचं, साफ करायचं, सुरू करायचं. निवृत्त होऊन घरी आले आणि थोड्याच दिवसांत पत्नीला, मनोरमाबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही जवळजवळ गेली. रोज संध्याकाळी समुद्रावर फिरायला जाणारी बाई ती! आता खाटेवरून दिसणार काय? समोरची भिंत.

मग भालूकाकांनी समुद्रच घरात आणला! हसू नका. खाटेसमोर काचेची मोठी टाकी बसवली. त्यात खारं पाणी, वाळू, दगड, दगडांवर डुलणारी मऊ पोवळी, आणि मधून फिरणारे रंगीत मासे. त्यातला एक पिवळाधमक. मनोरमाबाईंनी डावा हात उचलून त्याच्याकडे बोट केलं, आणि आजारपणानंतरचा पहिला स्पष्ट शब्द उच्चारला — "हळदुली."

त्या दिवशी काका रडले. आमच्याकडे पुरुष माणूस कुठे रडतो? मोरीत, नळ सोडून!

पुढे एके सकाळी हळदुलीच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, मीठ भुरभुरल्यासारखे. ती दगडाला अंग घासू लागली, खाईना. इकडे मनोरमाबाईंनीही ताट बाजूला सारलं. आता सांगा, त्या नवऱ्याचं काय झालं असेल?

टाकीच्या दुकानदाराने तांब्याचं औषध दिलं. मासा वेगळ्या भांड्यात काढून मग औषध द्या, असंही तो म्हणाला होता, पण काकांना घाई! त्यांनी औषध मोठ्या टाकीतच ओतलं. ठिपके थोडे कमी झाले, पण पोवळी आक्रसून दगडाला चिकटली. काकांना वाटलं, टाकीच खराब झाली. सगळं पाणी उपसलं, वाळू धुतली, दगड ब्रशने घासले. यंत्र साफ केलं! दोन दिवसांत केशरी पट्ट्यांचे आणि बाकीचे सगळे मासे उलटे तरंगले. हळदुली पाण्याच्या वर तोंड करून धापा टाकू लागली, आणि ठिपके परत आले.

खाटेवरही तेच चाललं होतं बरं का. तासातासाला पेज, नवनवी तेलं, डॉक्टरांनी सांगितल्याच्या दुप्पट व्यायाम. हे म्हणून दाखव, ते म्हणून दाखव! ती बिचारी डोळे मिटून घ्यायची.

मनोरमाबाईंची भाची गौरी मत्स्यशास्त्र शिकवायची. ती धावत आली, पाणी तपासलं, त्यातलं औषध ओढून घ्यायला कोळसा लावला. मग काकांना समजावलं, की माशांची घाण पचवणारे न दिसणारे जीव दगडांवर आणि वाळूत राहतात. तुम्ही घासून काढले ते तेच. त्यामुळे पाण्यात विष साठलं.

"आणि ठिपके?" काकांनी विचारलं.

"ते अंगावरून गळून वाळूत पडतात, तिथे त्यांची पिल्लं होतात, ती पुन्हा मासा शोधतात. मासा मिळाला नाही, तर मरतात. हळदुलीला वेगळ्या टाकीत ठेवून औषध देऊ. ही टाकी दोन-अडीच महिने माशांशिवाय राहू द्या."

"आणि मी काय करू?"

"रोज पाणी तपासा. मीठ आटत नाही, म्हणून आटेल तेवढं गोडं पाणी घाला. बाकी हात बाहेर ठेवा, काका."

हळदुली आतल्या खोलीत गेली. समोर उरली मासे नसलेली टाकी. काकांनी बायकोला सगळं सांगितलं, स्वतःची चूकही सांगितली, आणि सवयीने तेलाची बाटली आणायला उठले. मनोरमाबाईंनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

"वायच... हंय बसा." जरा इथे बसा, एवढंच.

पेज आणतो, म्हणाले. तिने नको म्हणून मान हलवली.

"नुसते बसा."

मंडळी, तो माणूस बसला. पहिल्यांदा हात नुसते शिवशिवत होते. मग हळूहळू बंदरांच्या गोष्टी निघाल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात ज्या सांगायला कधी सवड झाली नव्हती, त्या! ती ऐकायची, मध्येच एखादा शब्द बोलायची. भूक लागली की स्वतः ताटाकडे बोट करायची.

हळदुली वाचली. ठरल्या वेळी मोठ्या टाकीत परत आली. पोवळ्यांचा एक झुबका मेला, बाकीची उमलली. मनोरमाबाईंचं उजवं अंग मात्र आलं नाही. देवाच्या दारात उभा राहून खोटं कशाला सांगू? पण त्या घरात दोघं बोलू लागली.

आता वळतो तुमच्याकडे. औषध नको, असं मी म्हणत नाही हं! गौरीने औषध दिलंच, योग्य जागी दिलं. तुम्हीही द्या, वेळेवर द्या. पण औषध दिल्यावर त्या खाटेपाशी नुसते किती वेळ बसता? आत्ताही इथे कुणीतरी असेल, ज्याच्या घरी एक माणूस दाराकडे डोळे लावून पडलंय. त्याने आरतीला थांबू नये. प्रसाद इथे माझ्या हातून घ्यावा आणि सरळ घरी जावं. देव रागावणार नाही. त्याची जबाबदारी माझी.