गाण्यावर आलेले मोड

रामनगरच्या गॅरेजात मी पंक्चर निघायची वाट बघत होतो. शेजारच्या जीपपाशी तिचा चालक महाबळेश्वर, त्याची आई आणि मेकॅनिक गणेश.

"गणेशअण्णा, उद्या वरातीचं भाडं हाय. चार गाणी वाजली की अँप्लिफायर चटका देतोय आन बंद पडतोय. जळला काय?"

"वायरी चांगल्या हायत. वूफर चांगला हाय. सीटखाली अँप्लिफायरवर हे पोतं कुणी ठिवलं?"

"कसलं पोतं? आये?"

"भिजवून निथळलेलं बियाणाचं भात हाय. ह्या गारठ्यात मोड येईनात, म्हणून उबेला ठिवलं."

"म्हणून दोन दिस 'गाणं लाव बाळा' म्हणत हुतीस व्हय? एरवी कान किटतात तुझं!"

"चुलीपरास बरी ऊब हाय त्याला."

"मावशी, त्याला वाराच मिळंना. जळला न्हाई रे, तापला की आपसूक बंद पडतोय. आता निवलाय, वाजीव."

"वाजतंय की! सुटलो बाबा."

"थांब, माझं बियाणं शिजलं न्हाई न्हवं? सोड पोत्याचं तोंड."

"बघ आये, पांढरेशुभ्र मोड!"

"देव पावला. बाळा, दुसरं पोतं भिजत घातलंय. वरातीला नेशील न्हवं?"