हरलेल्या खासदारबाईंचा चौथा नंबर

तुम्ही पुढाऱ्यांना नावं ठेवताय म्हणून सांगतो. नागपूरला आईचं ऑपरेशन ठरलेलं आणि माझा पासपोर्ट व्हिसासाठी सहा महिने इथल्या होम ऑफिसला, म्हणजे ब्रिटिश गृहखात्यात, अडकलेला. आमच्या खासदारबाई दर शनिवारी लायब्ररीत लोकांना भेटायच्या. त्यांनी माझ्यासाठी दोन पत्रं लिहिली आणि तेवढ्यात निवडणूक हरल्या. मी आशाच सोडली.

पुढच्या महिन्यात त्यांचाच फोन आला, "शनिवारी लायब्ररीत या." गेलो, तर त्यांना हरवणारे नवे खासदार आत बसलेले आणि बाई बाहेर रांगेत, हातात माझी फाइल.

"मॅडम, तुम्ही कशाला?"

"आपला नंबर चौथा आहे."

आत गेल्यावर तो माणूस गडबडून उभाच राहिला. बाईंनी फाइल त्याच्या पुढ्यात ठेवली.

"माझी खुर्ची घेतलीत ना, आता हे कामही घ्या."