टेबलांवरची सुरंगी

अहो, ताईच्या लग्नात जेवणाच्या टेबलांवरची सजावट मी केली होती. प्लॅस्टिक नको म्हणून करवंट्यांत ओली वाळू भरली, हिरवा पाला खोचला आणि भोवती सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे आमच्याकडचे गजरे, गुंडाळले. मुंबईहून आलेल्या ताईच्या सासूबाईंनी बघताक्षणी नाक मुरडलं.

"अगं, लग्नात करवंट्या कसल्या मांडतेस?"

मला रडूच फुटायचं बाकी होतं.

लग्न लागल्यावर टेबलांपाशी धावले, तर एकही वळेसर जागेवर नाही! सगळे वऱ्हाडातल्या बायकांच्या केसांत. तेवढ्यात सासूबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मला नाही गं मिळाला. आहे का एखादा?"

मी माझ्या केसांतला काढून त्यांना माळला. मग काय, जेवताना त्या ज्याला त्याला सांगत होत्या, "सजावट आमच्या सुनेच्या बहिणीची हो!"