माईसाहेब काशीला गेल्या

...आणि वर बायको मलाच विचारते, "आवडत नाही, तर बघता कशाला?" आता काय सांगायचं तिला? अहो, माणूस काय आवडतं तेवढंच करतो का? दुधीची भाजी मला आवडते का? नाही. ताटात येते का? येते. खातो का? मुकाट्यानं खातो! तेव्हा नाही विचारत ही, "आवडत नाही, तर खाता कशाला?" मला ती मालिका आवडत नाही हो! 'माप ओलांडलं अवंतीनं' असं नाव तिचं. आणि तुम्हाला सांगतो, ते माप ओलांडायलाच त्या अवंतीला अख्खा आठवडा लागला. सोमवारी पाय उचलला, मंगळवारी सगळ्यांचे चेहरे, बुधवारी तेच चेहरे उलट्या क्रमानं, गुरुवारी वीज कडाडली, घरात! आणि शनिवारी कुठे अंगठा लागला मापाला. तोपर्यंत आमच्या डब्यातले तांदूळ संपले.

म्हणजे झालं काय, मी मूळचा मिरजेचा, नोकरीनं आणून टाकलं कोलकात्यात, बेहाल्याला. ऑफिसात हिंदी, साहेबाशी इंग्रजी, मासळीबाजारात तुटकं बंगाली, आणि घरी बायको विनीता, ती मराठी आहे, नाही असं नाही, पण दिवसभर शाळेत शिकवून येते, त्यामुळे संध्याकाळी बोलत नाही, फक्त सूचना देते. मग कानावर दोन शब्द मराठी पडावेत म्हणून डिशवाल्याच्या मागे लागून लागून मराठी वाहिनी घेतली, आणि आठ वाजता ही अवंती लागली! पहिल्या दिवशी म्हटलं, भिकार आहे. दुसऱ्या दिवशी म्हटलं, कालच्यापेक्षा भिकार आहे. आणि तिसऱ्या दिवशी ऑटोत ड्रायव्हरशेजारी अर्धं अंग बाहेर टाकून धावत घरी आलो, कारण आता याहून भिकार कसं करणार ते बघायचं होतं! कळतंय का व्यसन? चांगल्या मालिकेचा एखादा भाग चुकला तर चालतो, वाईट मालिकेचा चुकवून चालत नाही. शिव्या द्यायला अभ्यास लागतो.

आणि अभ्यासाला विषय तरी किती! नायिका झोपतेसुद्धा नथ घालून. धाकटी जाऊ कपाटाआड उभी राहून आपलं कारस्थान मोठ्यानं स्वतःलाच समजावून सांगते, आणि शेजारी उभ्या सासऱ्याला ऐकू येत नाही, आम्हाला इथे बेहाल्यात ऐकू येतं! अवंतीला दिवस गेले त्याला इतके दिवस झाले की हत्तीण असती तर दोनदा मोकळी झाली असती. त्यातल्या त्यात एकच बाई बघण्यासारखी, सासू, माईसाहेब. ती फार बोलायची नाही, नुसती बघायची. तिच्या बघण्यावर मालिका चालली होती. पण तरीही सांगतो, मला ती मालिका आवडत नाही!

मग तुम्ही म्हणाल, बंद करायची. करणारच होतो! तेवढ्यात मासिमा आल्या. मासिमा म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या दत्तबाई. मासिमा म्हणजे आपली मावशी, इथे सगळे त्यांना तसंच म्हणतात. यजमान वारले, मुलगा कॅनडात, आणि बाई घराबाहेर पडेनाशा झाल्या. एकटीसाठी काय शिजवायचं म्हणून रात्री मुडी खायच्या, मुडी म्हणजे आपले चुरमुरे, आणि झोपायच्या. विनीतानं एकदा हात धरून चहाला खाली आणलं. समोर आमची अवंती चाललेली. मी ओशाळून म्हटलं, "मासिमा, बंगाली काहीतरी लावतो." तर म्हणाल्या, "नको रे दिनोकर. बंगाली सगळ्या मालिका आम्ही दोघं मिळून बघायचो. ते शिव्या द्यायचे, मी गप्प बसवायचे. आता लावली की शिव्या ऐकू येत नाहीत." मी दिनकर, मला त्या दिनोकर म्हणतात, ते सुधारायचंही सोडून दिलं मी त्या दिवशी. आणि मग माईसाहेबांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही अगदी माझ्या मोठ्या दीदीसारखी बघते." झालं! दुसऱ्या दिवशी आठाच्या आधी दारावरची बेल वाजली. बघता बघता त्या मालिका संपली की आमच्याकडेच दोन घास वरणभात खाऊन वर जाऊ लागल्या. विनीता मला म्हणाली, "आता ही मालिका चुकवायची नाही." म्हणजे बघा! जी बाई "बघता कशाला" म्हणायची, तीच!

आता मासिमांना मराठी कुठे कळतंय? आमचं सगळं बोलणं हिंदीत, मधे मधे बंगाली. माईसाहेबांनी तोंड उघडलं की यांचं सुरू, "की बोलछे? काय म्हणतेय ती?" आणि ती म्हणत असायची, "अवंती, मी आहे ना!" चौथ्यांदा! आता हे काय भाषांतर करून सांगायचं? समोर बंगाली माणूस! ज्यांच्या घरी चहाबरोबर बिस्किट आणि बिस्किटाबरोबर साहित्य निघतं! आपल्या भाषेची काही अब्रू आहे की नाही? मी म्हटलं, "मासिमा, ती म्हणतेय, पोरी, दिवा विझला म्हणून घर आंधळं होत नाही." मासिमा म्हणाल्या, "ओ मा! मराठीत असं लिहितात?" म्हटलं, "रोज!" हात अडकला हो माझा त्या दिवशी यंत्रात. मग रोज मालिकावाल्यांनी खरकटं वाढायचं आणि मी त्याला फोडणी देऊन पुढे ढकलायचं. धाकट्या जावेला मी बालपणीचं दुःख दिलं. सासऱ्याला कमी ऐकू येतं हे कारण दिलं, मालिकावाल्यांना नाही सुचलं ते! मासिमा सगळ्या इमारतीत सांगत सुटल्या, मराठी मालिका काय दर्जेदार असतात. आणि मी मनात ओरडतोय, मला ती मालिका आवडत नाही!

आणि अशात, ऐका हं, मेल्या माईसाहेब! नटीचं आणि निर्मात्याचं काहीतरी बिनसलं असणार. सरळ मारली हो! पडद्यावर नाही, पडद्यामागे. फोन येतो, हातातला ग्लास पडतो, तीनदा पडतो, आणि सगळे रडतात. मासिमा माझ्याकडे बघतायत. "की होलो? काय झालं?" वर्षही झालं नव्हतं यजमान जाऊन. दीदीसारखी बघणारी बाई एकच, तीही मेली म्हणून सांगू? मग उद्या कशाला येतील खाली? पुन्हा चुरमुरे? घाबरलो मी, खरंच घाबरलो, आणि तोंडातून निघून गेलं, "माईसाहेब काशीला गेल्या."

"मग रडतायत का?"

"लांब आहे ना मासिमा, महाराष्ट्रापासून!"

एक थाप मारली की तिला किती पोरं होतात! दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत. म्हटलं, उन्हाळा आहे. मग नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना! हे मेले त्यातही लांबण लावणार, तीन भाग कावळा शिवेना! म्हटलं, "आमच्यात प्रवासाला निघालेल्यांच्या नावानं कावळ्याला जेवायला बोलावतात, वाट सुखाची व्हावी म्हणून." मासिमांनी मान डोलावली. आणि मग दिवाणखान्यात माईसाहेबांचा हा एवढा फोटो आणि त्याला चंदनाचा हार. आता? आता काय सांगाल तुम्ही? मी म्हटलं, "मासिमा, आम्हा मराठी लोकांत माणूस गावाला गेलं की त्याच्या फोटोला हार घालतात. सुखरूप परत यावं म्हणून." त्यांनी एकदा हाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाल्या, "की शुंदोर! किती छान पद्धत!" सुटलो, असं मला वाटलं.

कसला सुटतोय! विनीता भाचीच्या डोहाळजेवणाला मिरजेला गेली. आणि त्याच संध्याकाळी मासिमा दारात, हातात निशिगंधाचा भलामोठा हार! "विनीताचा फोटो कुठाय?" आता सांगा! पद्धत कोणाची? माझी! मीच काढलेली! नको कुठल्या तोंडानं म्हणू? माझ्या डोळ्यांदेखत माझ्या धडधाकट बायकोच्या फोटोला हार चढला, खाली धूप लागला, आणि त्या धुरात बसून आम्ही अवंती बघितली. म्हटलं, विनीता यायच्या आत काढून टाकू. तर बाई रोज हार बदलायला ताजी फुलं आणतायत!

त्यात सलील आला. सलील आमच्या मराठी मंडळाचा, उसना नेलेला कुकर परत द्यायला आला. दार उघडंच होतं. आत काय दिसलं असेल त्याला? विनीताचा फोटो, हार, धूप, मासिमा डोळे पुसतायत, आणि मी पडद्यावरचं ऐकून त्यांना हळू आवाजात सांगतोय, "आता त्यांचं मन तिकडेच रमलंय, परत येतील असं वाटत नाही." सलीलनं कुकर आवाज न करता खाली ठेवला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि गेला. मी म्हटलं, किती भावनाप्रधान माणूस आहे, मालिका बघून हलला!

जरा वेळानं मिरजेहून फोन. विनीताचा आवाज एकदम शांत. ती शांत झाली की मी उभाच राहतो. म्हणाली, "अहो, मी गेले कधी, ते मला तरी कळवायचं!" मंडळाच्या ग्रुपवर सलीलनं टाकलं होतं, 'विनीताताईंना भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली ओळीनं हात जोडलेले! एकीनं लिहिलं होतं, 'त्यांच्या हातच्या अळूवड्या आता होणे नाही.' आणि विनीतानं त्याच्याखाली स्वतः लिहिलं, 'सर्वांचे आभार. मी मिरजेत आहे. शनिवारी येते. ज्यांनी माझे डबे नेलेत, त्यांनी त्याआधी परत करावेत.' तुम्हाला सांगतो, सगळे डबे परत आले! दहा वर्षं मागतोय आम्ही ते डबे!

शनिवारी ती आली, फोटोवरचा हार बघितला, वास घेतला, "फुलं ताजी आहेत," म्हणाली, आणि माझा दंड धरून मला वर घेऊन गेली. "सांगा," म्हणाली. मी खाली मान घालून सांगितलं, "मासिमा, माईसाहेब काशीला नाही गेल्या. वारल्या." आणि मला हो, काय झालं कोण जाणे, एका भिकार मालिकेतल्या सासूसाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाई आता खाली येणं बंद करणार, एवढंच डोक्यात.

मासिमा म्हणाल्या, "माहितीय मला."

"कधीपासून?"

"कावळ्यापासून. वेड्या, श्राद्धाला आमच्यात काय हत्ती बोलावतात?"

"मग विनीताच्या फोटोला हार?"

"तू इतक्या मायेनं पद्धत सांगितलीस. मी पाळली नसती, तर तुला कळलं असतं की मला कळलंय. मग तू सांगायचं बंद केलं असतंस." मग विनीताचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "रोज धूप कशाला लावत होते? ठाकुराची, देवाची, क्षमा मागत होते ग, हिला काही होऊ देऊ नको म्हणून." विनीता आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मालिकेत याला दोन आठवडे घेतले असते.

आणि पुढल्याच महिन्यात काय व्हावं? मालिका बंद! अवंतीला एका भागात मुलगा झाला, पाळण्यात घातला, शाळेतही घातला, आणि संपली. मी सुटकेचा निःश्वास टाकला, जिना चढून वर गेलो, म्हटलं, "मासिमा, संपली एकदाची!" त्या म्हणाल्या, "ती संपली. आपली कुठे संपली?" आता बोला! आता रोज आठ वाजता मी मोबाइलवरून टीव्हीवर जुनेच भाग लावतो, आवाज बंद करतो, आणि माणसं हलतील तसं नवं सांगतो. जी मालिका मला चालू असताना आवडत नव्हती, ती मी बंद पडल्यावर बघतोय! दिवसभर ऑफिसात डोक्यात तेच, आज धाकट्या जावेचं काय करू? विनीता आतून सुचवते, तिला पश्चात्ताप नको, तिला नोकरी लावा.

आणि एवढं करून परवा मासिमा काय म्हणाल्या माहितीय? वरणभात कालवता कालवता, "दिनोकर, राग मानू नकोस, पण आजकाल मजा नाही रे राहिली. फार लांबवतोस. कालचंच आज पुन्हा सांगतोस. धाकट्या जावेचं तर काही पटतच नाही."

लागलं हो मला! मी इथे जिवाचं रान करतोय! मी म्हटलं, "एवढी वाईट आहे, तर मग येता कशाला रोज?"

त्यांनी शांतपणे भातावर तूप वाढून घेतलं. म्हणाल्या, "मग संध्याकाळी जाऊ कुठे?"

आता मला सांगा... यावर मालिका बंद करायची कशी?