बाबांच्या डब्यातली आई

आई : …आणि त्या बाई फोनवर म्हणतात कशा, ‘अय्या, तुम्हीच बोलताय? आम्हाला वाटलं, दोघंही गेलात!’

मुलगी : काय सांगतेस!

आई : लेकीच्या लग्नाचे कपडे शिवायला दुसरीकडे टाकले त्यांनी. या महिन्यातलं हे तिसरं गिऱ्हाईक. दुकानाचं ते वेबपेज तूच केलंस ना? बघ जरा. यांचा फोटो फिकट, अक्षरं करडी, तिरकी. खाली मीही तश्शीच. मी मेले का गं?

मुलगी : असं नको ना बोलू. थांब… अगं, बाबा गेले त्या आठवड्यात मी त्यांचा डबा, म्हणजे पानावरची त्यांची चौकट, फिकट केला. तुझा डबा त्यांच्या डब्याच्या आत आहे. बाहेरच्याला जे दिलं, ते आतल्यालाही लागलं. रडत रडत केलं होतं, नीट बघितलंच नाही.

आई : पण मी त्यांच्या आत कशी?

मुलगी : बाबांनीच सांगितलं होतं, ‘माझ्याखाली हिचं घाल.’

आई : घ्या! कापायचं मीही, शिवायचं मीही, आणि नाव यांच्याखाली. माणूस मात्र सोन्यासारखा होता हो.

मुलगी : तुझ्या डब्याला वेगळा रंग देते. काळा. अक्षरंही सरळ. झालं, बघ.

आई : कुठे झालं? अक्षरं सरळ झाली, पण मी आपली धुक्यातच.

मुलगी : हो की. रंग, अक्षरं आतल्या डब्यात वेगळी करता येतात. फिकटपणा नाही येत. तो आख्ख्या डब्यावर बसतो.

आई : म्हणजे वरून जाळीचं कापड टाकलंय. आतला कपडा कितीही भडक घे.

मुलगी : अगदी तसंच. आता एकच उपाय. तुला त्यांच्या डब्यातून बाहेर काढायचं.

(आई पदर डोळ्यांना लावते.)

मुलगी : आई? रडतेस?

आई : चाळीस वर्षं गं. एक खोली, एक मशीन, आळीपाळीने बसायचो… काढ. गिऱ्हाइकांना कळू दे मी आहे ते. पण लांब नको टाकूस.

मुलगी : शेजारीच ठेवते. ही बघ.

आई : अगंबाई, लख्ख दिसतेय की मी! आणि मधे ही रिकामी पट्टी कसली?

मुलगी : दोन डबे वेगळे केले की मधे तेवढी जागा सुटते. घालवू का?

आई : नको. आहेच ती.